गुंजभर

तंबूची शेवटची खुंटी खडकात जाईना,
तेव्हा हिल्काने दोरी सरळ गाडीच्या बंपरला बांधली.
रात्रीचे अकरा. लॅपलँडचं ऊन हटत नाही.
डासही.

वैक्को जन्मभर दातांचा डॉक्टर.
म्हणतो, लोकांच्या तोंडात सोनं भरलं,
आता डोंगराच्या तोंडातून काढू.
बॅटरी कपाळाला लावून बोगद्याशी वाकला
अगदी तसाच: जरा मोठा आ करा.

आत लाकडी टेकूवर कुणीतरी चाकूने
दिवस कोरलेत. पाच-पाच रेघांची जुडगी.
सव्वीस जुडगी. मग एक अर्धी रेघ.

त्यावर आम्ही काही बोललो नाही.
पंप सुरू केला, बंद पडला, लाथ घातली, सुरू झाला.
चार दिवस वाळू धूत बसलो, झारेकऱ्यांसारखे
थाळीच्या तळाशी डोळे लावून.

शेवटी चिमट्याने उचललेले सात कण
हिल्काने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत टाकले.
गुंजभरही भरणार नाहीत.
पेट्रोलचा हिशेब कुणी काढला नाही.

तंबू गुंडाळून झाल्यावर
वैक्को टोपी विसरली म्हणून परत आत गेला.
टोपी डोक्यावरच होती.

ती अर्धी रेघ त्याने पुरी केली का,
मी विचारलं नाही.
नखांत ओला भुसा होता त्याच्या.