चिंधी

दोर चिंधीने तपासायचा, हे ओतियानेच शिकवलं.
जुन्या बनियनचा तुकडा मुठीत धरून
पोलादावरून सावकाश सरकवायचा;
तार तुटलेली असेल तिथे तो अडतो.
"डोळा फसतो, ग्वांत्सा. सूत फसत नाही."

वहीत मार्चला सात तारा. एप्रिलला सात.
मेमध्येही, कमरेला पट्टा बांधलेला
तोच त्याचा सात.

काल मी खांबावर चढले.
चिंधी तेवीस वेळा अडली.

आधी त्याच्याकडेच गेले.
त्याने अक्रोड फोडून पुढे केले,
टरफल कुठलं, गर कुठला, बोटांनी चाचपत.
"पेन्शनला नऊ महिने राहिलेत," म्हणाला,
आणि चष्मा पुसत बसला.
काच स्वच्छच होती.

"नुसता दोर लिही, माणूस कशाला?" मुर्मान म्हणाला.
तपासनीसाच्या रकान्यापाशी पेन अडलं खरं.
पण सात काही दोराने लिहिले नव्हते.
नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.
खाली माझंही:
तिन्ही महिने न वाचता सही करणारी.

आज डबा दरीच्या अलीकडे बांधून ठेवलाय.
खाणीवरच्या बायका पिशव्या सावरत
सहाशे पायऱ्या चढतात, मला शिव्या घालत.

सकाळी माझ्या टेबलावर त्याची चिंधी होती.
घडी केलेली. पांढरी.
धुतलेली की कधी न वापरलेली, कळेना.

खिडकीतून दिसतो तो:
कठड्यावर हात,
प्रत्येक पायरी आधी बुटाने चाचपून
मग तिच्यावर भार टाकणारा.