कुसू

परड्यात पाय घसरला नाही, एवढं आधी सांगतो.
उंबऱ्याला अडला.
मीच घडवलेल्या, फणसाच्या, चार बोटं उंच,
कडेला वेलबुट्टी कोरलेल्या उंबऱ्याला.

द्रौपदाक्का पडली तेव्हा आवाज आला
तो ओल्या फांदीचा नव्हता, वाळक्या फांदीचा होता.
सुताराच्या कानाला फरक कळतो.

डावा पाय उजव्याहून दोन बोटं आखूड,
पाऊल बाहेर कललेलं,
बिजागरी सुटलेल्या फळीसारखं.
शेजारचा भरमाण्णा म्हणाला,
"बेळगावला कशाला जाऊलालास?
नंदगडाच्या पुढं एक हाडवैद्य हाय की,
पाला बांधतो, चाळीस दिवसांत उठवतो."

माझ्या बापाला असाच पाला बांधला होता.
पाठीला जखमा झाल्या, छाती कफानं भरली,
आणि चाळिसाव्या दिवशी बाप उठला नाही,
उचलला.

खानापूर सोडलं तेव्हा अंधार होता.
दोन उशांमध्ये तिचा पाय धरून
मी प्रत्येक खड्ड्याला शिव्या दिल्या.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "सोंट मुरिदिदे, अज्जी."
अक्का कण्हता कण्हता म्हणाली,
"सोटा न्हाई गं मोडला, दाराआड उभा हाय.
तो घेतला असता हातात, तर पडले असते व्हय?"
सगळा वॉर्ड हसला,
कुणी कानडीत, कुणी मराठीत, अर्थ लागला तसा.

डॉक्टर हुक्केरींनी फोटो उजेडावर धरला.
मांडीचं हाड वर जातं, मान वाकवतं,
मानेवर गोटा, गोटा कमरेच्या वाटीत.
"इथं मान मोडलीय.
गोट्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या याच मानेवरून जातात.
त्या तुटल्या की जोडूनही उपयोग नाही,
या वयात गोटा आतल्या आत मरतो.
मानेच्या खाली मोडलं असतं तर सळी घालून ठोकलं असतं.
आता गोटाच बदलायचा. उद्या सकाळी.
पडून राहतील तेवढ्या खंगतील."

मी म्हटलं, म्हंजे कुसू तुटलंय, वेज शाबूत हाय.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"कुसू म्हणजे?"
त्यांच्याच कागदाच्या पाठीवर मी काढून दाखवलं.
कागदाच्या पोटावर कानडीत संमती होती,
तिथं मराठीत सही केली.

काढलेला गोटा मला स्टीलच्या बशीत दाखवला.
लिंबापेक्षा थोडा मोठा. वरून गुळगुळीत, पॉलिश केल्यागत,
आणि मोडलेल्या बाजूनं आत
वाळवीनं खाल्लेल्या वाशासारखी जाळी.
कौलांच्या कारखान्यात चाळीस वर्षं
ओल्या मातीच्या पाट्या पेललेलं हाड.
पडली म्हणून मोडलं, असं मी गावभर सांगत होतो.
ते कधीपासून मोडत होतं, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तिला वॉकर देऊन उभी केली.
ती मला शिव्या देत उभी राहिली.
नर्स वळल्यावर मी खिशातला सुतळीचा तोडा काढला
आणि दोन्ही पाय मापले.
भरले सारखे.

घरी आल्यावर पटाशी घेतली, उंबरा काढला.
वेलबुट्टी जपायला गेलो आणि तीच फुटली.
खुर्चीचे पाय चढवले, संडासावर उंच बैठक केली,
भाकरीसाठी उभ्यानं थापायचं टेबल.
अक्का फुरंगटलेली: "मांडी घालायची न्हाई,
उकिडवं बसायचं न्हाई, आता उंबराबी न्हाई.
लक्ष्मी थांबल का असल्या घरात?"
तू थांब म्हंजे झालं, म्हटलं.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी
तिच्या गोळ्या लिहिल्या, दुसऱ्या खुब्याला जपा म्हणाले.
मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत,
"तुमचं वय काय, मिस्त्री?"

अडुसष्ट.
तेव्हापासून रात्री, दिवा घालवल्यावर,
लाकूड घेताना ठोकतो तसं
बोटाच्या पेरानं मांडीवर ठोकतो
आणि कान देऊन पडून राहतो.