माया

पार्सल आलं तेव्हा दुकानात लाईट नव्हती.
माझं मशीन पायाचं, त्यामुळं अडलं काही नाही.
चोवीस जर्सी, जालंधरच्या,
आणि खांदे सगळे बाप्यांच्या मापाचे.

"खांदे आत घ्यायला लागतील," शर्ली मॅडम म्हणाल्या,
"आणि चड्ड्या उसवून बाहेर सोडायच्या. आधी मांडीचं माप घ्या."
मी टेप गळ्यात घातला.
तीस वर्षं मी ब्लाउज शिवतो.
छाती, कंबर, बाहीचा घेर,
गळा मागनं किती खोल, सासूला चालेल एवढा.
मांडीचं माप आजवर कुणी दिलंच नव्हतं.
बावीस इंच. तेवीस. एकीचं साडेचोवीस,
मी दोनदा मोजलं,
ती म्हणाली, "बरोबर हाय, काकू. लिवा."

तहसीन बागवान गोलवर उभी राहते.
तिच्या बाहीला जोड द्यावा लागला.
मार्केट यार्डात टेम्पोवरनं येणारी कलिंगडं
झेलत मोठी झालेली पोर.
"एक पडू दिलं न्हाई कधी. बॉल तर हलका असतोय."

घस्त्यांची सानिका म्हणाली, मला खिसा पायजे.
अगं, चड्डीला खिसा नसतो, पडलीस तर रुतेल.
"काय ठेवायचं न्हाई त्यात. असू दे नुसता."
आतल्या अंगाला लावून दिला,
काड्यापेटीएवढा. मॅडमना सांगितलं नाही.

पाठीवर आडनाव.
मृणालचं लग्न मार्चमध्ये.
सुई हातात धरून मी विचारलं, कुठलं घालू?
"हायेच ते घाला.
नंतर उसवायला मी काय येणार न्हाई."

लिन्थोई मणिपूरची. चार महिन्यांत
ह्या पोरींच्यातच मराठी शिकली.
जर्सीचे फोटो काढायला पुण्याहून कॅमेरा आला,
दुकानात उभं राहायला जागा नाही,
ती कपाटाला टेकून म्हणाली,
"मी उजवीकडून जातो. मी गोल मारतो."
कॅमेरावाला हसला, "जातो नाही, जाते म्हणायचं.
मुली जाते म्हणतात."
तिनं वळून सगळ्यांकडं बघितलं.
तहसीननं विचारलं, "कुठल्या मुली?"
पुढचं सगळं शूटिंग हसण्यात गेलं.
मीपण हसलो, तोंडात टाचण्या असताना,
जे कधी करू नये.

आमचे हे पेठेकडनं खेळायचे, लेफ्ट बॅक.
अकरा वर्षं त्यांची जर्सी मी धुतली,
मॅच एक बघितली नाही.
गच्चीवर कपडे वाळत घालताना स्टेडियमचा आवाज यायचा.
गोल झाला की आवाज वर जाऊन थांबतो थोडा वेळ.
हुकला की तोच आवाज मध्येच तुटतो,
बॉबिनचा दोरा संपावा तसा.
हे घरी यायच्या आत मला स्कोअर माहीत असायचा.
"कुणी सांगितलं?" विचारायचे.
मी भाकरी उलटायचो.

रविवारी पहिली मॅच. पास आलाय, पिवळा,
मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, खडूच्या डब्याखाली.
आतनं तो आवाज कसा लागतो, कुणास ठाऊक.
ह्यांना म्हटलं, चला. म्हणाले, गुडघा दुखतोय.
मग संध्याकाळी स्वतःच विचारलं,
"बॅकला कोण हाय त्यांच्यात?"

तेवीस जर्सी काल गेल्या.
एक राहिलीय हँगरवर, नंबर नाही, नाव नाही.
राधानगरीकडं एक पोर आहे म्हणे,
डाव्या पायाची. घरचे अजून हो म्हणत नाहीत.
मॅडम दोनदा जाऊन आल्या,
चहा पिऊन परत.
"माप कधी मिळेल?" मी विचारलं.
त्या काही बोलल्या नाहीत.

अंदाजानंच बेतली मग.
खांदे थोडे आत घेतले,
आणि दोन्ही बगलांना, पार खालपर्यंत,
चांगली दोन-दोन बोटं माया ठेवली.