खटखट

पिकीनमध्ये, मासेरकाकाच्या शिंपीदुकानात
रात्री दहानंतर आम्ही चौघं.
भिंतींना चिंध्यांच्या गोधड्या ठोकलेल्या,
माइकवर कुंबाचा जुना मोजा.

वीज गेली की टेप बॅटरीवर,
आणि उस्सेनू पायाने मशीन चालवायचा
खट्खट्, खट्खट्
त्यावर बिराम वोलोफमध्ये
घरभाड्याचा हिशेब मांडायचा.

एकही कंपनी दारात उभं करेना.
दोनशे कॅसेटी मासळीबाजारात विकल्या, बऱ्याचशा उधारीवर;
काही परत आल्या, फीत गुंतलेली, वास मासळीचा.

आता डाकारमध्ये
आमचं थकलेलं भाडं
चार हजार तोंडांना पाठ.

नव्या स्टुडिओतला पोरगा विचारतो,
मागची ती खटखट पुसून टाकू?
उस्सेनू काही बोलत नाही.
टेबलाखाली त्याचा उजवा पाय तेवढा
हलत राहतो.