तांबट लेन

आहिरराव सरांनी शिबिरात विचारलं,
मूकाभिनय आला कुठून?
कुणी म्हणालं, ग्रीसमधून.
कुणी म्हणालं, शब्दांच्याही आधी
शेकोटीपाशी शिकारी हरीण झाला, तेव्हापासून.

मी गप्प. मला ऐकू येत होती
नाशिकची तांबट लेन, सकाळचे दहा,
वीस हातोडे एकदम,
आणि त्या ठणठणाटात अण्णांचा अंगठा
ओठांकडे, भुवई जराशी वर:
चहा?
समोरून रेवणकाकाचं बोट आडवं, मधोमध कापलेलं:
अर्धा.

आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे,
कानांचं तांबं झालेलं.
पण दुकानात कुजबुजसुद्धा हातांनीच.

एकदा रेवणकाका उशिरा आला.
उभ्याउभ्याच हात छातीवर ठेवला,
मग खाली नेला, गुडघ्याच्या जरा वर, तिथं थांबवला,
जसा कुणाच्या डोक्यावर.
मग उताणा केला.

हातोडे एकेक करत थांबले.
लेनच्या टोकाचा एक
बराच वेळ वाजत राहिला,
त्याला दिसलं नव्हतं.

परवा गंगेवर प्रयोग झाला.
नसलेली भिंत मी चाचपली, नसलेला दोर ओढला,
पोरं खिदळली, टाळ्या पडल्या.
तो हात मात्र अजून करून पाहतो
रात्री, आरशासमोर.
तळवा नेमका किती उंचीवर थांबला होता,
तेवढंच चुकतं.