वीत

अंगठ्यापासून करंगळीपर्यंत
माझी वीत आठ पट्ट्यांची. फार ओढली तर नऊ,
आणि नवव्या पट्टीच्या कडेला करंगळी नुसती लटकते.
ह्या पानावर डाव्या हाताला मागितल्यात दहा.

आई गोकुळपेठेच्या बाजारात गजरे वितीनं मोजायची.
बाया म्हणायच्या, वीत आखूड आहे वो तुमची.
आई भांडत नसे. मोजून झालं की
बोटभर जास्त सोडून दोरा तोडायची.

तोच हात मला आला.

मोहननगरात ऑलिव्ह साळवे बाईंकडे
रविवारच्या चर्चची फुलं आमची, त्या बदल्यात शिकवणी.
मे महिन्यातसुद्धा तासभर कूलर बंद,
कारण त्याचा एकच सूर आणि तोही उतरलेला.
लाकूड तडकू नये म्हणून
पियानोच्या पोटात पाण्याचा वाडगा.
सेहेचाळीस डिग्रीत, आम्हा तिघांत,
पाण्याचं आधी त्यालाच विचारायचं.

मी ताणत होते.
मनगटापासून कोपरापर्यंत एक तार पेटलेली.
"काहून ओढून राहिली? हात आहे तो, रबर नाही.
सगळे सूर एकदम धर म्हणून कोण म्हणलं तुला?
खालचा आधी दे, ठोक्याच्या जरासा अगोदर.
पायानं धर. मग हात सोड,
जाऊ दे त्याला वर."

सोडणंच जमेना.
बोट उचललं की वाटायचं, सूर खाली पडला.

मग बाईंनी चप्पल काढली.
संधिवातानं वाकलेली बोटं मांडीवर ठेवली
आणि माझ्या पावलावर आपलं पाऊल.
कोरडं, भेगाळलेलं, अजिबात घाई नसलेलं.
मी वाजवत गेले, त्या दाबत गेल्या:
नवा सूर लागल्यावरच जुना सोडायचा, आधी नाही.
कुठे पेडल अर्धंच उचलायचं,
वरचा गढूळपणा निवळेल
पण तळाचा आवाज हलणार नाही, इतकंच.
किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
माझ्या पावलाला तेवढं वजन कळत होतं.

त्या दुपारी आई टोपली घेऊन दारात उभी.
किती वेळ, माहीत नाही.
"खालचं कोण वाजवून राहिलं वं?" तिनं विचारलं.

माझे दोन्ही हात तेव्हा
पार उजव्या टोकाला होते.

बाई काही बोलल्या नाहीत.
टाच टेकलेलीच ठेवून
त्यांनी पाऊल बोटभर उचललं.