अंदाजाने

सामना स्कॉटलंडशी होता, उत्तरेकडच्या एका बंदरात,
जिथली घरंसुद्धा ओल्या दगडाच्या रंगाची.
दुपारचे अडीच, आणि दिवे लागलेले.
पाऊस वरून पडत नव्हता,
समुद्राकडून आडवा येत होता, मधूनमधून बर्फाची कणी घेऊन,
आणि माझ्या खोक्याएवढ्या केबिनच्या काचेला
वायपर नव्हता.

तिकडे आमच्या टोंगात दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेतीन.
रेडिओभोवती चटईवर बसलेली माणसं
माझ्या डोळ्यांनी बघणार होती.
मी बाहीने काच पुसत होतो आतून
आणि पाणी बाहेरून होतं.

पहिली दहा मिनिटं लाल जर्सी लाल होती, निळी निळी.
मग एक स्क्रम कोसळला
आणि उठला तेव्हा सोळा जणांचा एकच रंग,
नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखा.
पाठीवरचे नंबर गेले. कोण आपला, कोण परका,
रेफरीही वाकून वाकून बघत होता.

मग मी चालीवरून ओळखू लागलो.
डावा पाय जरा फेकतो तो कप्तान आमानाकी.
उठताना आधी गुडघ्यावर हात टेकतो तो सेमिसी.
बाकीचे अंदाजाने.
रेडिओवर गप्प राहता येत नाही;
गप्प राहिलं की आमच्याकडे लोक बॅटरी काढून उन्हात ठेवतात,
आणि ऊन उगवायला अजून वेळ होता.

एकदा त्यांच्या कुणीतरी बॉल उंच मारला.
तो वाऱ्यात थबकला, जरा विचार केला
आणि मारणाऱ्याच्याच मागे जाऊन पडला.
मी हे जसंच्या तसं सांगितलं.
त्यावर गावात एकानेही विश्वास ठेवला नाही, नंतर कळलं.

विश्वास ठेवला तो छप्पन्नाव्या मिनिटावर.
ढिगातून एक चिखलाचा गोळा सुटला,
त्याला पाय फुटले, तो कडेकडेने पळत सुटला,
मागे दोन घसरले, एकाने त्याची फक्त बाही पकडली
आणि बाही हातात राहिली.
रेषेपलीकडे तो पोटावर इतका लांब घसरत गेला
की फोटोवाले उठून बाजूला झाले.
ट्राय! मी ओरडलो.
आणि नाव तर द्यायलाच हवं. लिसिआते! मी म्हणालो.
का, ते माहीत नाही. तोंडात तेच आलं.

लिसिआतेच्या गावी चर्चबाहेर
गॅसचा रिकामा सिलिंडर टांगलाय, तीच घंटा.
ती भर पहाटे वाजली. कुत्री भुंकली.
कुणीतरी डुक्कर सोडायला गेलं, भाजायला.

ट्राय पेनिसिमानीचा होता.
सामना संपल्यावर कळलं, ड्रेसिंग रूममध्ये,
नळाखाली माणसं एकेक करून पुन्हा स्वतः होत होती तेव्हा.
नऊ-पाच हरलो होतो.
मी माफी मागितली. पेनिसिमानी हसला, दातांतही माती.
म्हणाला, राहू दे रे, माझी माणसं ऑकलंडला आहेत,
ती टीव्हीवर बघतील, जे काय दिसलं असेल ते.

मग मी ओफेइनाबाईंना फोन लावला. लिसिआतेची आई.
घसा खाकरून सगळं कबूल केलं.
त्या म्हणाल्या, ठाऊक होतं मला.
तू म्हणालास साठ पावलं एकटा पळाला.
माझा पोरगा कोंबडीमागेसुद्धा साठ पावलं पळालेला नाही.

मग घंटा का वाजवू दिलीत?

पडला होता ना कुणाचा तरी मुलगा
एवढ्या गारठ्यात, रेषेपलीकडे?
आणि आता ते डुक्करही काही परत उठणार नाही.

थोडा वेळ लाइनवर नुसती खरखर.
मग त्यांनी विचारलं,
म्हणजे तो ढिगाच्या तळाशी होता. बोटं कशी आहेत त्याची?

कोपऱ्यात लिसिआते बसला होता, हात बादलीत घालून.
मी जवळ गेलो. हात बाहेर काढायला लावला.
दोन बोटं सुजलीत, म्हणालो, एकाचं नख काळं पडलंय,
अंगठा हलतोय, आता चारही हलवतोय,
आता मूठ मिटतोय, पूर्ण नाही, पण मिटतोय.

दिवसभरात हे एवढंच
मी बघून सांगत होतो.